सुभेदार तात्यांची सत्कार समिती

सत्कार समितीत महिनाभर बसलं की सांगण्यासारखं इतकं साठतं, की प्रत्यक्ष सत्कार झाला नाही तरी चालेल! आमच्या कवठे महांकाळच्या समितीत सगळे माजी सैनिक. सगळे साठीच्या पुढचे आणि सगळे हुकूम देणारे. ऐकायला कुणीतरी हवं, म्हणून मला सेक्रेटरी केलं. कारण काय, तर "पोरगी बी. ए. हाय, अक्षर ब्येस हाय."

सत्कार आबासाहेबांचा. स्वतः फौजेत कधी नव्हते, पण आमदार म्हणून जन्मभर फौजेतल्या लोकांसाठी भांडले. कुणाची अडकलेली पेन्शन, कुणाच्या विधवेचे कागद. वयाच्या बहात्तराव्या वर्षी "आता बास" म्हणून घरी बसले. गावाला दोन वर्षांनी आठवलं, की अरे, माणसाचा सत्कार राहिलाच!

*

पहिली मीटिंग दहाला होती. सव्वाअकरापर्यंत कुणी बसलंच नाही!

कारण बसायचं रँकप्रमाणे. सुभेदार तात्या अध्यक्ष, ते मधोमध, ठीक. पण दोन हवालदारांत सीनिअर कोण? एकाची भरती आधीची, दुसऱ्याचं प्रमोशन आधीचं. दोघेही खुर्चीची पाठ धरून उभे.

मी म्हटलं, "काका, सगळेच सतरंजीवर बसू या का?"

मी शत्रूच्या बाजूनं आल्यासारखं सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. शेवटी जेवायची वेळ झाली आणि मीटिंग उठली. प्रोसिडिंग बुकात मी चिडून एकच ओळ लिहिली: 'खुर्च्यांवर चर्चा झाली.'

तात्यांनी चष्मा लावून वाचलं आणि खुशीत सही केली. "थोडक्यात आन् बरूबर. रिपोर्ट असा पायजे!"

*

मग निमंत्रणपत्रिका. प्रत्येकाचं नाव, नावाआधी रँक, नावानंतर पलटण, पुढं मेडल. प्रूफ आलं तेव्हा कार्ड गच्च भरलं होतं. मी दोनदा वाचलं.

"तात्या, ह्यात आबासाहेबांचं नावच नाही!"

तात्या शांत. "त्यास्नी समदी वळखत्यात की!"

*

एका मीटिंगला हौसाक्का आली. जतकडच्या वस्तीवरून, दोन एस. टी. बदलून. नवरा एकाहत्तरच्या लढाईत गेलेला. बगलेत काळं घोंगडं, घडी घातलेलं.

"लोकर माज्या मेंढरांची हाय, सूत मीच कातलंय," ती म्हणाली. "आबांच्या खांद्यावर माज्या हातानं टाकायचंय. तेवढंच."

मी विचारलं, "आबासाहेबांना तू कशी ओळखतेस, आक्का?"

"माजं कागद कुटंतरी अडकल्यालं. आबा मला घिऊन सांगलीच्या हापिसात आलं. सायेब म्हनला, बसा आमदारसाहेब. खुर्ची एकच. आबांनी मला बशिवलं आन् सवता दोन तास हुबं ऱ्हायलं. सायबालाबी हुबं ऱ्हावं लागलं!"

मी तिथंच तिला शब्द दिला, की तुझं नाव कार्यक्रमात घालते.

ती गेली आणि समितीला एकदम खोकला सुटला. "शाल मंत्रीसाहेब घालनार, ठरलंय." "कार्येक्रम पास झालाय." शेवटी तात्या जमिनीकडं बघत बोलले, "पोरी, चांगलं काम हाय. पुढं व्हऊन ते करायला बाईमानसानं… म्हंजी, तिचा मालक न्हाई आता. लोकं काय म्हंतील?"

माझं डोकंच फिरलं. "तात्या, तिचा नवरा तुमच्याच पलटणीतला! ज्या बायकांसाठी आबासाहेब भांडले, त्यातलीच एक तुम्हाला स्टेजवर चालत नाही?"

मग तात्या म्हणाले, "आर्डर निघालीया. बदल न्हाई."

*

आदल्या दिवशी रंगीत तालीम. आबासाहेबांच्या जागी उभं राहायला कुणी तयार होईना. आमदाराच्या जागी आपण? छे! मग रिकामी खुर्ची ठेवली, तिला हार घातला आणि तीस म्हाताऱ्यांनी एका रांगेत सॅल्यूट ठोकला.

बाजाराला निघालेल्या एका म्हातारीनं ते बघितलं आणि हंबरडाच फोडला, "आगं बया, आबा गेलं!"

बातमी आमच्या आधी पोचली. दोन तासांत जीपमधून खुद्द आबासाहेब उतरले, धोतराचा सोगा हातात, चेहरा पडलेला.

"आरं, कोन गेलं म्हनं आपल्यातलं?"

सगळे मान खाली घालून उभे. शेवटी मीच सांगितलं, "तुम्ही, आबा."

"आसं व्हय," ते म्हणाले. "मग च्या तरी पाजा."

*

सत्कार चारला. फौज दोनलाच उन्हात रांगा लावून फॉल-इन! पाच वाजले तरी मंत्रीसाहेबांचा पत्ता नाही, आणि साडेपाचला निरोप आला, की येत नाहीत.

आता शाल कुणी घालायची? सीनिअर माणसानं. सीनिअर कोण? झालं! ते दोन हवालदार स्टेजवरच एकमेकांची भरतीची सालं काढायला लागले. आबासाहेब हार न घातलेल्या गळ्यानं मधल्या खुर्चीत बसलेले. हौसाक्का बायकांच्या मागच्या रांगेत, मांडीवर घोंगडं. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. मला तिच्याकडं बघवेना. शब्द मीच दिला होता.

आबासाहेब उठले. स्टेज उतरले, बायकांमधून वाट काढत मागं गेले आणि हौसाक्काला हाताला धरून वर घेऊन आले. आपल्या खुर्चीपाशी थांबले.

"बसा, आक्का."

"न्हाई वं आबा, आसं कसं…"

"हापिसात बसला हुता का न्हाई? बसा."

ती अंग चोरून बसली. आबासाहेब तिच्यासमोर खालीच उकिडवे बसले, पाठ तिच्याकडं करून.

"पोचतंय का आता?"

"पोचतंय, आबा."

तिनं घडी मोडली आणि एप्रिलच्या उन्हात घोंगडं त्यांच्या खांद्यांवर टाकलं.

आणि माझ्या मागून एकदम आवाज आला, "परेड, सावधान!" तीस टाचा एकदम आपटल्या. वळून बघते तर तात्या. हात कपाळाला, नजर सरळ खुर्चीवर.

दुसऱ्या दिवशी प्रोसिडिंग बुक उघडून मी विचारलं, "तात्या, ऑर्डर बदलली कुणी? काय लिहू?"

तात्यांनी चष्मा काढून पुसला.

"लिव की," ते म्हणाले. "खुर्च्यांवर चर्चा झाली."