मागे उभा असायचा तो

लालबागला आईचा मसाला कुटून मिळायला वेळ होता, म्हणून मी बाकावरच लॅपटॉप उघडला. आम्ही बनवलेल्या जुन्या धाटणीच्या छोट्या व्हिडिओ गेमचा सूचनांचा स्क्रीन मी नव्याने मांडत होतो, कारण लोक पहिल्याच पायरीवर खेळ सोडत होते. शेजारी मिरच्यांचा डबा मांडीवर घेतलेले पन्नाशीचे गृहस्थ मान वाकडी करून बघत होते.

"खेळता का?" मी विचारलं.

त्यांनी डबा खाली ठेवला, बोटं शर्टाला पुसली. जॉयस्टिक धरल्यासारखी त्यांची डावी मूठ हवेतच वळली, मग ते हसून बटणांकडे आले.

"आमच्या चाळीखाली व्हिडिओ गेमचं पार्लर होतं, नाणं टाकून खेळायचं. एवढ्या सूचना नसायच्या रे. मागे उभा असायचा तो सांगायचा, आता उडी मार."

"तो म्हणजे कोण?"

"ज्याच्या खिशात नाणं नसायचं तो. बहुतेक वेळा मीच."

तेवढ्यात त्यांचा नंबर लागला. नाव विचारायचं राहूनच गेलं.

घरी येऊन मी सूचनांच्या सगळ्या चौकटी काढल्या. आता गेममध्येच, खेळणाऱ्या पात्राच्या मागे एक मुलगा उभा असतो आणि वेळेवर हळूच सांगतो. लोक शेवटपर्यंत खेळू लागलेत.

परवा गेम खेळलेल्या एकीने लिहिलं, "त्यालाही एकदा खेळू द्या की."