सतरंजी कोण घालणार?

दिलसुखनगरच्या कोचिंग क्लासमधून बाहेर पडत होते तेव्हा वंदनाताईचा फोन आला. सुमनमावशीची लेक. "आई गेली गं..." आणि मी मूर्खासारखी म्हणाले, "कुठे?" पाच आठवडे झाले, तो 'कुठे' अजून माझ्या कानातून जात नाही.

मावशी माझी सख्खी नव्हे. बरकतपुऱ्यातल्या आमच्या जलसा मंडळातल्या सगळ्या पोरांचीच ती मावशी. जन्मभर सरकारी दवाखान्यात आया होती. रिटायर झाली आणि मराठवाड्यातून इथे परराज्यात आलेल्या घरांतल्या आम्हा पोरांना ढोलकीवर गाणी शिकवायला लागली. मराठी वाचायला आम्ही एकदम कच्चे, म्हणून सगळं तोंडपाठ करून घ्यायची. मंडळाची अध्यक्षही तीच! आणि नियम एकच... तालमीआधी सतरंजी अध्यक्षानेच घालायची.

मग मंडळाची ओढाताणीची दोन वर्षं आली. हॉलचं भाडं वाढलं, वर्गणी पुरेना. एका बड्या ट्रस्टने सगळा खर्च उचलतो म्हटलं. अट एवढीच, अध्यक्ष त्यांचा, 'प्रतिष्ठित' हवा. निम्मे लोक तर हौ म्हणून मोकळे! ट्रस्टने निवडलेले एक रिटायर्ड साहेब तालीम बघायला आले. मावशीने सतरंजीची घडी त्यांच्यापुढे धरली.

"घ्या साहेब. इथं अध्यक्ष घालतो."

साहेब हसले. "अहो बाई, त्याला मी माणूस पाठवीन ना."

"मग त्यालाच अध्यक्ष करू की!"

आम्ही हसून हसून लोळलो. साहेब गेले, पैसे गेले, हॉलही गेला. मग तालीम कधी कुणाच्या गच्चीवर, कधी पार्किंगमध्ये, भर उन्हात. मी चिडून म्हणाले, "मावशी, एका सतरंजीसाठी एवढं?"

"सतरंजीसाठी न्हाई गं," ती म्हणाली. "लोक माणूस पाठवतो म्हणतात ना... तो माणूस जन्मभर मीच होते."

ती गेल्यावर तीनच आठवड्यांत ट्रस्टचा फोन. आधी दुःख झालं वगैरे, मग तीच ऑफर, तीच अट. आम्ही गच्चीवर जमलो. मला वाटलं, सगळे थकलेत, आता फुटणार. ऑफरच्या बाजूने एकही हात वर झाला नाही! एकही नाही!

मी फोन करून नकार कळवला, तेव्हा ट्रस्टचे सर म्हणाले, "बरं, निदान तुमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये तरी घ्या मला."

"नाही जमणार सर. ग्रुपची अॅडमिन एकटी मावशी आहे."

तिचा फोन मलकपेठला वंदनाताईकडे असतो. ती तो रोज चार्ज करते.