पाढ्यांचं प्रदर्शन न मांडणाऱ्या सुमतीबाई

सुमतीबाईंची आणि माझी ओळख झाली ती त्यांच्या संतापातून. सिंगापुरात पाया लेबारच्या आमच्या फ्लॅटवर माझ्या यजमानांच्या ऑफिसातली मंडळी जेवायला आली होती. यजमानांनी आमच्या आठ वर्षांच्या सानिकेला भर पंगतीत उभं केलं. "काकांना एकोणीसचा पाढा म्हणून दाखव." एकोणीस सातेला ती अडखळली आणि सगळे खो खो हसले. एकाने तर शूटिंगसाठी फोन काढला. तेवढ्यात एका पाहुण्यांच्या मातोश्री उठल्या. नाशिकच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलेल्या त्या सुमतीबाई. "हसायला काय झालं? पुढचं तुम्ही म्हणा," त्या म्हणाल्या. मग त्यांनी सानिकेला शेजारी घेऊन वरणभात कालवून दिला.

त्या दिवसापासून पाढा म्हटलं की सानिका उठून आपल्या खोलीत जायची. अशाच मुलांसाठी बाईंनी आपल्या मराठी मंडळाच्या खोलीत रविवारचा वर्ग सुरू केला. तिथे घोकंपट्टीला सक्त मनाई होती. काबुली चणे ओळींत मांडून कुठली संख्या कितीच्या पाढ्यातली, हे मुलं स्वतः शोधत.

एकदा बाईंनी मुलांना पुलाउ उबीन बेटावर नेलं. मीही गेले होते. चांगीच्या धक्क्यावर ही मोठी रांग. बारा माणसं भरली की होडी सुटते. बाईंनी विचारलं, "आपल्या पुढे चाळीस माणसं आहेत आणि आपण नऊ. एका होडीत मावू का?" सानिका शेवटी सिंगापुरी 'ला' जोडत म्हणाली, "थर्टी-सिक्स गेले ना. फोर नेक्स्ट बोटीत, म्हणजे एटच सीट्स. आपल्यातला वन पर्सन राहणार, ला." बाराचा पाढा तिने पहिल्यापासून म्हटलाच नव्हता, छत्तीस तिला नुसते दिसले होते. माझे डोळे भरून आले. बाई मात्र एवढंच म्हणाल्या, "मग मागच्यांना आधी जाऊ दे. आपल्यातलं कुणी एकटं राहणार नाही."

अशा बाईंशी आपण कसे वागलो? मंडळाच्या समितीला गणेशोत्सवात फेटे बांधलेल्या मुलांकडून तिसापर्यंतचे पाढे म्हणवून घ्यायचे होते. बाईंनी साफ नकार दिला. "पोरं म्हणजे पोपट नव्हेत." पुढच्याच आठवड्यात मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निरोप आला, की रविवारी खोली नाचाच्या तालमीला दिली आहे. बाईंना साधा फोन करण्याचंही सौजन्य कुणी दाखवलं नाही. त्या चण्यांची पिशवी घेऊन आल्या आणि बंद दारावरून परत गेल्या. त्यानंतर वर्ग भरलेला नाही.

आता त्यांच्या पंचाहत्तरीला शाल, श्रीफळ, हा गौरवग्रंथ, आणि कळस म्हणजे स्टेजवर मुलांचं पाढेगायन. कुणाला जनाची नाही, मनाची तरी? सानिकेलाही विचारलं गेलं. ती आता सेकंडरीत आहे. तिने सरळ सांगितलं, "बाईंचा क्लास बंद केला, अँड नाऊ आय मस्ट परफॉर्म? मी नाही म्हणणार."

मी चिडून बाईंना फोन केला, हा सत्कार नाकाराच म्हटलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "शाल घेईन गं. रविवारी खोली मिळेल का, तेवढं विचार."

म्हणून इथेच, सगळ्यांसमक्ष विचारते आहे. बाईंची प्रकृती ठणठणीत राहो आणि त्यांना उदंड आयुष्य लाभो, असं या ग्रंथात पानोपानी लिहिलेलं असेल. मीही तेच मागते. पण त्या आयुष्यातले रविवार आपणच हिसकावून घेतलेत. ते आधी परत करा.