बत्तीकाकांची गुरगुर

लढाऊ विमानांच्या तळावर सगळे त्यांना बत्तीकाका म्हणत, कारण उड्डाणाआधी क्षेपणास्त्राच्या नाकासमोर बत्ती फिरवायचं काम त्यांचं. क्षेपणास्त्र आखूड पल्ल्याचं, समोरच्या विमानाच्या इंजिनाची धग हेरून तिच्या मागे लागणारं. नाकातल्या काचेच्या डोळ्याला धग दिसली की वैमानिकाच्या हेडफोनमध्ये गुरगुर होते. काका खाली बत्ती इकडून तिकडे न्यायचे, वर कॉकपिटमधून वैमानिकाचा अंगठा दिसला की काम फत्ते.

म्हणजे गुरगुर ऐकायची वैमानिकाने. घरी मात्र ती करून दाखवायचे काका. मेहुणा आला की फर्माईश ठरलेली, "भावोजी, होऊन जाऊ द्या." मग काका छाती फुगवून अशी डरकाळी फोडत की कपबशा खडखडत. बायको आतून म्हणे, "एवढं ओरडत असेल तर समोरचा आधीच पळून जाईल."

खरा आवाज काकांनी उभ्या जन्मात ऐकला नव्हता. आणि आता त्यांची बदली गोदामात होत होती. ऐकायचा तर आताच.

"मॅडम, एक मागू?" त्यांनी वैमानिक बाईंना विचारलं.

"रजा सोडून काहीही."

"एकदा मला वर बसू द्या. गुरगुर ऐकायचीय."

"अजून ऐकली नाहीत? कमाल आहे तुमची. आणा ती बत्ती."

काका वर चढले, हेडफोन लावला. खाली मॅडम बत्ती फिरवू लागल्या. कानात नुसती खरखर. मॅडमनी पुन्हा फिरवली. काही नाही. टीव्ही मोठा लावतात, कान गेलेत म्हणून बायको रोज कटकट करते, ते खरंच निघालं म्हणायचं. अंगठा दाखवून मोकळं होता आलं असतं. पण त्या अंगठ्याच्या भरवशावर मॅडम आकाशात जाणार होत्या.

"मॅडम, मला काहीच ऐकू येत नाहीये," म्हणत ते बाहेर वाकले, आणि त्यांना क्षेपणास्त्राच्या नाकावरची लाल टोपी दिसली. बत्ती उचलायच्या आधी त्यांचा डावा हात ती आपोआप काढायचा.

"मॅडम, टोपी."

"कुणाची?"

"त्याची. डोळ्यावर आहे अजून."

"ती तर तुम्ही काढता ना रोज?"

"रोज मी खाली असतो."

टोपी निघाली, बत्ती फिरली आणि आवाज आला. बारीक, कोरडा, रात्री स्वयंपाकघरात जुना फ्रीज घरघरतो तसा. बत्ती समोर आली की चढायचा, सरकली की उतरायचा. काका ऐकतच राहिले.

"काका, हात भरून आला माझा," खालून मॅडम म्हणाल्या. तेव्हा कुठे अंगठा वर झाला.

रविवारी मेहुणा आला. काकांनी ओठ मिटून अगदी हुबेहूब घरघर काढली.

"हे काय, घसा बसलाय का?"

"खरा आवाज आहे हा. या कानांनी ऐकलाय."

"असेल. तुम्ही आपला जुनाच काढा."

काकांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग छाती फुगवली. आतून बायकोने कपबशा धरून ठेवल्या.