पडद्याकडं पाठ

तीर्थपुरीच्या बाजारगल्लीत व्हिडिओ गेमचं दुकान निघालं, तेव्हा बद्रीनाथ गुरुजींना रिटायर होऊन तीन वर्षं झाली होती. एका खोलीत चार पेट्या, आणि त्यांच्यापुढं दिवसभर धडाधड गोळ्या झाडणारी पोरं. आईबाप गुरुजींकडं आले. म्हणाले, "मागं तुम्ही शाळेच्या गावातला व्हिडिओ उठवला, तसं हे दुकान बी उठवा. पोरं हाताबाहेर चालली." गुरुजी निघाले. पण दुकानात जाऊन त्यांनी ना कुणाला दम दिला, ना शटर ओढलं. एक स्टूल मागून घेतलं आणि पडद्यांकडं पाठ करून, पोरांकडं तोंड करून दोन तास बसून राहिले. बाहेर लोक म्हणाले, म्हातारं चळलं.

चळलं नव्हतं बरं का. त्यामागं बारा वर्षांपूर्वीची एक गोष्ट होती.

गुरुजी तेव्हा जवळच्याच एका गावात शाळेवर होते. छडी त्यांनी कधी हातात धरली नाही, पण त्यांचा एक सवाल साऱ्या गावाला पाठ होता. एका पोरानं दुसऱ्याला लाथ घातली, दगड मारला, की गुरुजी त्याला पुढ्यात उभं करून विचारायचे, "कुठं पाहिलंस हे?" पोरगं "व्हिडिओत" म्हणालं की गुरुजींना दुखणं सापडल्याचं समाधान व्हायचं.

व्हिडिओ मच्छिंद्रचा. जालन्याहून भाड्यानं आणायचा आणि पत्र्याच्या शेडमध्ये सिनेमे दाखवायचा, बहुतेक मारधाडीचेच. दुसऱ्या दिवशी शाळेत पोरं एकमेकांच्या छातीवर उड्या घ्यायची, हे काही गुरुजींनी मनानं रचलं नव्हतं. ग्रामसभेत ते उठले आणि तासभर बोलले. मच्छिंद्र एवढंच म्हणाला, "गुरुजी, पोरांना मी एकटं बसवत न्हाई. बापाजवळ बसवतो. पोरगं भ्यालं, चेकाळलं, तर बापाला कळतं." कोण ऐकतो? ठराव झाला आणि शेड बंद पडलं. मच्छिंद्रनं फाट्यावर पंक्चरचं दुकान टाकलं आणि गावात येणं कमी केलं. त्याचा पोरगा कडूबा मात्र गुरुजींच्याच वर्गात होता.

पुढं गुरुजींनी टीव्ही घेतला. रविवारी सकाळी देवादिकांची मालिका लागायची. गल्ली लोटायची. चपला बाहेर, टीव्हीला हार, पुढं उदबत्ती. लाईट गेली तर गल्लीतला कारभारी आपल्या ट्रॅक्टरची बॅटरी खांद्यावर घेऊन यायचा, म्हणजे धर्मकार्यात खंड नको. पडद्यावर बाणानं मुंडकी उडायची आणि बायाबापड्या हात जोडायच्या. त्याला मारधाड म्हणायचं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. गुरुजींच्या तर नाहीच.

उलट ते खूश होते. पोरं लाथा सोडून धनुष्यबाण खेळायला लागली, याचं त्यांना केवढं कौतुक. मालिका संपली की ओट्यावर बसून ते स्वतः कामट्या वाकवून धनुष्य करून द्यायचे. बाण तुराटीचे. समोरच्या लिंबाला खडूनं गोल काढलेला. कडूबाचा नेम सगळ्यात पक्का, पण तुराटी खोडावर आपटून खाली पडायची. एका रविवारी त्यानं बाणाच्या टोकाला बाभळीचा काटा दोऱ्यानं बांधला. बाण गोलात गेला आणि थरथरत तिथंच राहिला. गुरुजी मनापासून म्हणाले, "शाब्बास रे!"

चार दिवसांनी शाळेमागं कडूबानं सोडलेला तोच बाण कारभाऱ्याच्या पोरीच्या, उषाच्या उजव्या डोळ्यात गेला. उषा आठ वर्षांची. खेळात ती राक्षस झाली होती.

जालन्याच्या डॉक्टरनं डोळा गेल्याचं सांगितलं. कारभारी पोरीला घेऊन परत आला आणि दुसऱ्या दिवशी सारं गाव शाळेच्या व्हरांड्यात जमलं. कारभारी रडत नव्हता, ते पाहवत नव्हतं. तो म्हणाला, "या पोराचं नाव काढा. दाखला द्या त्याच्या बापाच्या हातात."

"व्हिडिओवाल्याची औलाद," मागून कुणीतरी बोललं. "दुसरं काय शिकणार?"

मच्छिंद्र भिंतीला टेकून उभा होता, हात ग्रीसनं काळे. त्यानं मान वर केली नाही. गुरुजींनाही मान वर करवत नव्हती. तीन रात्री त्यांचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. बाण त्यांनी ओळखला होता. गप्प बसलं की निभत होतं. गाव व्हिडिओवर खापर फोडायला तयारच होतं, आणि पंचवीस वर्षांची अब्रू शाबूत राहत होती. फक्त एका पोराची शाळा सुटणार होती. गुरुजींना स्वतःची किळस आली, तरी तोंड उघडेना.

"विचारा की गुरुजी," कारभारीच म्हणाला. "तुमचा न्हेमीचा सवाल विचारा. सगळ्यांना कळू द्या."

आता सुटका नव्हती. गुरुजींनी कडूबाला जवळ घेतलं. विचारलं, "कुठं पाहिलंस हे, बाळा?"

कडूबा खाली बघत म्हणाला, "तुमच्या वट्यावर, गुरुजी. काटा लावला तवा बाण रुतला. तुम्ही शाब्बास म्हणले."

एकजण पोरावर खेकसला, "गुरुजींवर घालतो का रे?" गुरुजींनी हात वर करून त्याला थांबवलं.

"खरं बोलून राह्यलं पोरगं," ते म्हणाले. "काटा मी पाह्यलाय. धनुष्य मी केलंय. नाव काढायचं तर शाळेतून माझं काढा." मग ते मच्छिंद्रकडं वळले आणि साऱ्या गावादेखत हात जोडले. मच्छिंद्रनं पुढं होऊन ते हात धरले, सोडवले, आणि पोराला घेऊन निघून गेला. दाखला निघाला नाही. कारभारी मात्र वर्षभर गुरुजींशी बोलला नाही, आणि त्याचं काय चुकलं?

लोकांना वाटलं, गुरुजी आता टीव्ही विकतील. महिनाभर तो बंदच होता. मग एका शनिवारी गुरुजी फाट्यावर गेले आणि मच्छिंद्रला म्हणाले, "उद्या कडूबाला पाठव. तू बी ये. त्याच्याजवळ बस."

रविवारी टीव्ही लागला. हार नव्हता. उषा आईबरोबर आली होती, डोळ्यावर पांढरी पट्टी. कडूबा बापाचा हात धरून दारातच अडला. उषा त्याच्याकडं बघत राहिली, मग सरकली आणि आपल्या डाव्या बाजूला तिनं जागा केली. उजवीकडचं तिला दिसत नव्हतं. कडूबा रडत रडत तिथं येऊन बसला.

पडद्यावर लढाई सुरू झाली. गुरुजी टीव्हीकडं पाठ करून, पोरांकडं तोंड करून बसले होते. कुणाच्या मुठी वळत होत्या, कुणी बाण सुटला की दचकत होतं, एक बारकं पोरगं आईच्या मांडीत तोंड खुपसून होतं. हे सगळं दर रविवारी त्यांच्याच घरात चाललं होतं, आणि त्यांना ते आज दिसलं.

उषानं विचारलं, "गुरुजी, तुम्हाला पाह्यचं न्हाई का?"

"पाहून राह्यलो की बाई," गुरुजी म्हणाले. "तुम्हालाच पाहून राह्यलो. हे आधीच पाह्यला पाहिजे व्हतं मी."