नवाब एक्झिटवर जातो

माशांच्या दुकानात किस्से फार साचतात. मासे बोलत नाहीत, म्हणून त्यांच्यासमोर बसलेली माणसंच बोलत सुटतात. इथे आखातात, हूऱ्यातल्या आमच्या शोभेच्या माशांच्या दुकानात मी नऊ वर्षं कागदपत्रं बघतोय. मालक दाऊदभाई, मूळचे रत्नागिरीचे. बाहेर रणरणतं ऊन आणि आत निळा उजेड, पंपाची संथ बुडबुड. दुपारी कधीकधी मला वाटतं, काचेच्या आत आपणच आहोत आणि मासे आपल्याला बघायला आलेत.

*

प्रवाळ वाचवायचं म्हणून नियम कडक झाले. प्रवाळातल्या प्रत्येक माशाचा कागद हवा: समुद्रातून पकडला की फार्ममध्ये वाढवला. दाऊदभाईंचं अर्धं आयुष्य गाववाल्यांचे व्हिसा करण्यात गेलेलं. त्यांनी मला प्रत्येक माशाची वेगळी फाइल करायला लावली, पासपोर्ट साइज फोटोसकट! टाकीमागे पांढरा कागद लावून मी दोन दिवस फोटो काढत होतो. एकही मासा सरळ समोर बघेना.

तपासणीला मरियम मॅडम आल्या, इथल्याच, सरकारी खात्यातल्या. त्यांनी शांतपणे सगळ्या फाइली चाळल्या आणि विचारलं, "यातले फॅमिली व्हिसावर कोण कोण आहेत?"

*

जुफैरच्या एका साहेबांना पडद्यांना मॅच होणारं जांभळं प्रवाळ हवं होतं. परमिटशिवाय जिवंत प्रवाळ विकता येत नाही. दाऊदभाईंनी त्यांना प्लॅस्टिकचं दिलं आणि तसं स्पष्ट सांगितलंही. तीन महिन्यांनी साहेब परत हजर. तक्रार काय, तर ते वाढत नाहीये.

भाई म्हणाले, "इंशाल्ला."

*

मआमीरला वेल्डिंग करणारे साळुंखे दर शुक्रवारी येतात. विकत काही घेत नाहीत. आठवडाभर ठिणग्या बघितल्यावर हे निळं पाणी डोळ्यांना बरं वाटतं, म्हणतात. स्टुलावर बसले की दहा मिनिटांत त्यांना डुलकी लागते. एकदा एक गिऱ्हाईक काचेवर टकटक करायला लागलं. भाईंनी त्याला हळूच थांबवलं. मासे तर घाबरलेले दिसत नाहीत, असं त्याचं म्हणणं.

"माशांचं नाही," भाई साळुंख्यांकडे बोट दाखवून म्हणाले, "त्यांचं सांगतोय मी."

*

आणि आमचा नवाब. ताटाएवढा निळा मासा, अंगावर पिवळा पट्टा, इथल्याच समुद्रातला. बारा वर्षांपूर्वी भाईंनी तो एका म्हाताऱ्या कोळ्याकडून घेतला आणि विकायला कधी काढलाच नाही. सकाळी भाई आले की तो काचेशी यायचा. भाई त्याला घरच्या गोष्टी सांगायचे, मुलींची लग्नं, बायकोचं गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं.

त्याचा कागद नव्हता. एक सप्लायर फार्मचा खोटा कागद द्यायला तयार होता. तो लावला तर नवाब राहणार, समुद्रातला असं खरं लिहिलं तर सरकार घेऊन जाणार. मी फॉर्म पुढे ठेवला. भाईंनी एकदा टाकीकडे बघितलं आणि खरं लिहिलं. मला त्यांचा रागच आला.

मरियम मॅडमनी सांगितलं, आधी सरकारी टाकीत तपासणी होईल, तब्येत ठणठणीत निघाली तर परत प्रवाळात सोडू.

इथून कायमचा घरी निघालेल्या माणसाला आम्ही ‘एक्झिटवर गेला’ म्हणतो. त्याच्या सामानाच्या बॉक्सवर दोस्तमंडळी मार्करने नाव-गाव लिहून देतात. नवाबला न्यायच्या दिवशी थर्माकोलचा बॉक्स आला. भाईंनी माझ्याकडे मार्कर मागितला आणि झाकणावर मोठ्या मराठी अक्षरांत लिहिलं: ‘नवाब, मु. पो. समुद्र’.

मॅडमनी विचारलं, काय लिहिलंय. नाव आणि गाव, भाई म्हणाले.

"आमच्या ऑफिसातले इंडियन लोक खाली फोन नंबर पण लिहितात," त्या म्हणाल्या. "तिकडे उतरवून घेणाऱ्याचा."

भाईंनी मार्करचं टोपण लावून टाकलं.

मॅडमनी त्यांच्या हातातून मार्कर घेतला आणि खाली स्वतःचा नंबर लिहिला.