टाकीतले गप्पी

केरूनं आठवीत शाळा सोडली, पण प्रश्न विचारायचे काय सोडले नाय. मालगुंडच्या वर कातळावर भिकाजी तात्यांची आंब्याची बाग. तिथं तो फवारणी करतो, आंबे काढतो. दिवाळीपासनं आंबा उतरेपर्यंत बाग राखायला नेपाळचा मानबहादूर येतो. दोघं एका ताटात जेवतात. मानबहादूरला कोण वाकडं बोललं की केरू अंगावर जातो.

यंदा मानबहादूर गावी गेला नि इकडे तात्यांना मलेरिया झाला. उठून बसल्याबरोबर म्हणाले, "त्या नेपाळ्यानंच आणलान ताप. पुढच्या साली त्याला बोलवायचा नाय."

"तात्या, तो दिवाळीपासनं तुमच्याच बागेत होता. आणलान कुठनं?"

"तू डॉक्टर काय रे मेल्या?"

केरूच्या डोक्यातनं ते जाईना. मग एक दिवस आरोग्य केंद्राच्या अक्षया सिस्टर थेट बागेत आल्या. "मानबहादूर झोपायचा कुठं?"

"कशाला? तुम्हीपण त्याच्यावरच ढकलताय काय?"

"ऐक तरी! तो घरी पोचला नि लगेच तापला. मलेरियाच. कुठनं आलास म्हणून तिथल्या डॉक्टरांनी विचारलं. त्यांच्या सरकारनं आपल्या सरकारला कळवलं, तिथनं जिल्ह्याला, जिल्ह्यातनं मला."

"नेपाळच्या डॉक्टरला आमची बाग ठाव?" केरूचे डोळेच मोठे झाले.

"डास चावल्यावर ताप यायला आठवडा तरी जातो. म्हणजे चावला इथंच. तो आता बरा आहे. पण डास इथं असले तर अजून माणसं आजारी पडतील."

"मग चला, शोधू."

केरू पुढं, सिस्टर मागं, काठी टेकत तात्या. मानबहादूर झोपायचा त्या खोपीमागं फवारणीचं पाणी साठवायची टाकी होती, तिच्यात केरूनं बॅटरी मारली. पाण्यावर बारीक अळ्या आडव्या तरंगत होत्या, मलेरियाच्या डासांच्या असतात तशा.

"अळ्या खायला मी यात गप्पी मासे सोडले होते," सिस्टर म्हणाल्या. "गेले कुठं?"

तात्या खाकरले. "पंपाच्या नळीत अडकायचे. टाकले काढून."

"म्हणजे ताप तुम्ही दिलात त्याला," केरू म्हणाला. "नि वर त्यालाच शिव्या!"

तात्यांनी बादली त्याच्यापुढं सरकवली.

केरूनं टाकी उपसली, घासली. पावसानं ती भरल्यावर शेजारच्या विहिरीतनं गप्पी आणून सोडले, नळीच्या तोंडाला जाळी बांधली. मग व्हिडिओ कॉल लावून मानबहादूरला मासे दाखवले. तात्या मागनं डोकावले. "दिवाळीला ये रे. मच्छरदाणी मी आणतो."

केरूनं फोन परत ओढला. "बहादूर, तुझ्या त्या डॉक्टरला सांग, टाकी साफ झाली. सरकारांतनं फिरून कधी पोचायचं ते?"